शंभर किलोमीटर: शरीराची कुठली तक्रार ऐकायची, कुठली नाही

विचारणाऱ्यांची हकीकत थोडक्यात अशी. वय 34, बेळगावच्या उद्यमबागेत एका फौंड्रीत काम, शिफ्ट आलटून पालटून. काही हाफ मॅरेथॉन झाल्यात, मागच्या हिवाळ्यात पहिली फुल, म्हणजे 42 किलोमीटरची, 4 तास 40 मिनिटांत झाली. आता 100 किलोमीटर पळायचंय. ग्रुपमधले म्हणतात, 'लिमिट डोक्यात असतं, पायात नाही.' वडील दरवर्षी दिंडीतून पंढरपूरला चालत जातात, पण हे ऐकून ते म्हणाले, 'खुळा झालास काय गा?' बायकोला गुडघ्यांची काळजी. विचारलंय ते एवढंच, की माणूस आपल्या मर्यादेपलीकडं खरंच जाऊ शकतो का, आणि जायचं तर तयारी कशी करायची.

ग्रुपमधलं ते वाक्य आधी घेतो. ते अर्धं खरं आहे, आणि अर्ध्या खऱ्या वाक्यावर भरवसा ठेवूनच माणसं दवाखान्यात पोचतात.

खरं अर्धं असं. कुठल्याही शर्यतीच्या शेवटच्या किलोमीटरला उभं राहून बघा. तासभर पाय ओढत आलेला माणूस कमान दिसली की पळायला लागतो. अंगातलं बळ खरंच संपलं होतं, तर मग हे कुठनं आलं? दक्षिण आफ्रिकेचे टिम नोक्स यांची मांडणी अशी, की दमल्याची जाणीव म्हणजे मेंदूनं वेळेआधी लावलेला ब्रेक. शरीराला खरी इजा व्हायच्या बरंच आधी तो लागतो. यावर शास्त्रज्ञांत वाद आहेत, पण दमणूक नुसती पायात नसते एवढं आता सगळे मानतात. 2009 मध्ये सॅम्युएले मारकोरा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एक प्रयोग प्रसिद्ध केला. माणसांना आधी 90 मिनिटं डोकं शिणवणारं काम दिलं आणि मग थांबावंसं वाटेपर्यंत सायकल मारायला लावली. हृदयाच्या आणि स्नायूंच्या मोजमापांत म्हणावा असा फरक नव्हता, तरी आराम करून आलेल्या दिवसाच्या मानानं माणसं सुमारे 15 टक्के लवकर थांबली.

हे तुम्हाला मुद्दाम सांगतोय, कारण तुमचं काम फौंड्रीतलं. कास्टिंग रिजेक्ट झाल्याची कटकट डोक्यात घेऊन सेकंड शिफ्ट सुटल्यावर दुसऱ्या दिवशी पहाटे पळायला गेलात आणि पाय जड वाटले, तर फिटनेस गेला असं समजू नका. त्या दिवशी ब्रेक लवकर लागला, एवढंच.

माणूस म्हणून आपली हद्द कुठं आहे हेही अजून ठरलेलं नाही. ग्रीसच्या यानिस कुरोसनं 1997 मध्ये 24 तासांत 303.506 किलोमीटर काटले. हा आकडा कुणाच्या हाती लागायचा नाही असंच सगळ्यांना वाटायचं. लिथुआनियाच्या अलेक्सांद्र सोरोकिननं 2021 मध्ये तो मोडला आणि 2022 मध्ये 319.614 पर्यंत नेला. म्हणजे दिवसरात्र मिळून सरासरी साडेचार मिनिटांना एक किलोमीटर. या वेगानं बेळगावच्या काँग्रेस रोडवर दोन फेऱ्या मारून बघा, म्हणजे आकडा कळेल.

आता उरलेलं अर्धं. शरीराच्या तक्रारी दोन जातीच्या असतात. मांड्या भरल्या, तळवे जळतात, कंटाळा आला, रडू येतंय, 'हे कुणी सांगितलं होतं मला' असं वाटतंय, ही पहिली जात. यांच्याशी घासाघीस करता येते. थोडं चालावं, काहीतरी खावं, पुढच्या गावापर्यंतचा वायदा करावा, की अर्ध्या तासात निम्म्या तक्रारी आपोआप मिटतात. दुसऱ्या जातीत उष्माघात, रक्तातलं सोडियम, मूत्रपिंड आणि हाड. इथं घासाघीस चालत नाही. मन कितीही खंबीर असलं तरी सोडियम वर येत नाही. पंचाईत अशी, की पहिली जात ओरडून बोलते आणि दुसरी बहुतेक वेळा गप्प असते. अल्ट्रा, म्हणजे फुलपेक्षा लांबचं, पळणं शिकायचं म्हणजे ह्या दोन जाती वेगळ्या ओळखायला शिकायचं. बाकी सगळं त्याच्या मागून येतं.

जांबोटी रस्त्यावरच्या आमच्या एका सपोर्ट पॉइंटवरचे दोन रनर सांगतो, म्हणजे काय म्हणतोय ते कळेल. दोघंही साठ किलोमीटरच्या पुढं होते. पहिला आला तो खुर्चीत कोसळलाच. काळ्या बनियनवर मिठाचे पांढरे ओघळ, ओठ फुटलेले, खिशात साखरेच्या जेलची पाकिटं तशीच. 'मला कायबी नको. मी घरी जाणार.' वजनकाट्यावर उभा केला. सुरुवातीला 64 होता, आता साडेबासष्ट. बोटातली अंगठी सैल फिरत होती, लघवी झालेली आणि रंगानं फिकी. विचारलं, सात आठा किती? 'छप्पन! शाळेत बसवलाय काय मला?' माणूस चिडतोय आणि पाढा बरोबर म्हणतोय, म्हणजे डोकं शाबूत आहे. पातळ पेज, त्यात चांगलं मीठ, कडेला आंब्याच्या लोणच्याची फोड. चमच्या-चमच्यानं निम्मी वाटी पोटात गेली. दहा मिनिटांनी उठवून नुसतं चालायला लावला. पुढच्या पॉइंटवर तो पळत आला, तोंड वाकडंच होतं, पण पळत आला.

दुसरा हसत आला. 'एकदम ओके,' म्हणाला. प्रत्येक ठिकाणी त्यानं पाणी भरपूर प्यालेलं, कारण कुणीतरी सांगितलं होतं, तहान लागायची वाट बघू नको. काटा दोन किलो जास्त दाखवत होता. अंगठी बोटात रुतलेली, घड्याळाचा पट्टा आवळलेला. बुटाची नाडी बांधायला वाकला आणि दोन टोकं हातात धरून बघतच राहिला. पाढा विचारल्यावर नुसता हसला. त्याला तिथंच थांबवला, साधं पाणी बंद केलं आणि गाडीत घालून दवाखान्यात पाठवला. बरोबर चिठ्ठी दिली, आधी सोडियम तपासा, तोवर नेहमीचं सलाईन भराभर सोडू नका. रडत आलेल्याला पुढं सोडला आणि हसत आलेल्याला अडवला, हे बघणाऱ्यांना उलटं वाटलं. पण हिशेब तोच होता.

दुसऱ्याला जे झालं त्याला हायपोनॅट्रेमिया म्हणतात. घामातून मीठ गेलं, वरून साधं पाणी ओतत राहिलं, की रक्तातलं सोडियम पातळ होतं आणि मेंदूला सूज येते. 2002 च्या बोस्टन मॅरेथॉनमध्ये 488 रनरांचं रक्त तपासलं, त्यात 13 टक्क्यांचं सोडियम कमी निघालं. धोका सगळ्यात जास्त त्यांना होता, ज्यांचं वजन पळताना वाढलं होतं. ती नुसती 42 किलोमीटरची शर्यत. तुम्ही दुपटीहून जास्त वेळ रस्त्यावर असणार. अल्ट्रात दोन-तीन टक्के वजन उतरणं ठीक आहे, वाढणं कधीच ठीक नाही. तहानेला विचारून प्या.

त्यासाठी आपला घाम मोजून ठेवा. तासाभराच्या पळण्याआधी आणि नंतर अंग पुसून, कपडे काढून वजन करायचं. मधे जेवढं प्यालात ते धरून जितकं कमी भरेल, किलोला एक लिटर, तेवढा तुमचा तासाचा घाम. डिसेंबरातल्या पहाटेचा आकडा आणि एप्रिलमधला सकाळी नऊचा आकडा यांत फार अंतर निघेल, म्हणून दोन्ही काढा. खानापूरकडच्या झाडीत एक, गोकाक-सौंदत्तीच्या माळावर दुसरा. ओआरएसची मोठी पुडी लिटरला एक, पुडीवर जे माप छापलेलं असतं, ते पाळा. पाव लिटरच्या बाटलीत अख्खी मोठी पुडी ढवळणारे बघितलेत, नंतर पोट त्याचा जाब विचारतं.

उष्माघाताची खूणही डोक्यातच दिसते. अंग तापलेलं, बडबड, चाल झोकांड्या देणारी. घाम सुटलेला असला तरी उष्माघात असू शकतो, 'घाम येतोय म्हणजे बरा आहे' हे खोटं. शरीराचं आतलं तापमान 40 अंशांच्या वर गेलेलं असतं आणि एकेक मिनिट महाग असतं. नियम असा, की आधी थंड करायचं, मग हलवायचं. बर्फाचं पाणी नसेल तर शेतातली बोअर चालू करून पाइपच्या धारेखाली धरा, डोक्यापासून मांड्यांपर्यंत पाणी चालू ठेवा, आणि तेवढ्यात दुसऱ्यानं 108 लावायचा. आपल्या भागात मोटर नाही असा मळा विरळाच.

फौंड्रीत काम करणाऱ्याला इथं एक फायदा आहे आणि एक तोटा. उष्म्याची सवय व्हायला साधारण दहा ते चौदा दिवस लागतात. रक्तातलं पाणी वाढतं, घाम लवकर सुटतो. भट्टीजवळ उभं राहून ती सवय तुम्हाला थोडीफार झालेली असणार. पण शिफ्ट संपताना तुम्ही आधीच आटलेले असता. म्हणून फर्स्ट शिफ्ट करून त्याच संध्याकाळी लाँग रन ठेवू नका. सुट्टीच्या आदल्या दिवशी नीट जेवा, झोपा आणि मग जा.

मूत्रपिंडाचं थोडक्यात. स्नायू फार झिजले की त्यातलं प्रथिन रक्तात उतरतं आणि मूत्रपिंडात अडकतं. लघवी काळ्या चहासारखी झाली, किंवा पाणी पोटात जात असूनही तासन्‌तास झालीच नाही, तर शर्यत तिथंच संपली, दवाखाना गाठा. पळताना पेनकिलर घेणं म्हणजे या आगीत तेल. आयबुप्रोफेन, डायक्लोफिनॅक या गोळ्या मूत्रपिंडाचा रक्तपुरवठा कमी करतात, आणि नेमक्या त्या वेळी त्याला तो हवा असतो. 'मेडिकलवाल्यानं दिली' हे कारण मूत्रपिंड ऐकत नाही. हाडाची परीक्षा सोपी आहे. दुखणं पसरट असेल तर स्नायूचं. एका बोटानं नेमकं दाखवता येत असेल, एका पायावर उडी मारली की कळ येत असेल, तर हाडाला तडा जात असण्याची शक्यता धरायची. आणि दुखणं कुठलंही असो, त्यानं तुमची चाल बदलली, लंगडायला लावलं, की थांबायचं. छातीत दुखलं किंवा पळता पळता भोवळ आली, तर शर्यतीचा विषयच बंद. फॉर्म भरायच्या आधी एकदा बीपी आणि ईसीजी करून घ्या. घरात कुणी तरुणपणी हृदयानं गेलं असेल तर ते डॉक्टरांना आपणहून सांगा.

आता पळण्याकडं. शंभराची गोष्ट पायांपेक्षा पोटाची जास्त आहे. वजनाच्या किलोमागं, दर किलोमीटरला साधारण एक कॅलरी असा ढोबळ हिशेब धरा. पासष्ट किलोच्या माणसाला शंभर किलोमीटरला साडेसहा हजार लागतात. स्नायूंत आणि यकृतात साठवलेली साखर दोन हजारांच्या आसपास असते, म्हणून फुल मॅरेथॉनमध्ये तीस किलोमीटरच्या पुढं माणूस भिंतीला धडकल्यासारखा अडतो. चरबी भरपूर असते, पण ती सावकाश जळते आणि तिला साखरेची सोबत लागते. म्हणजे तासाला 50-60 ग्रॅम कर्बोदकं तोंडातून गेलीच पाहिजेत, पहिल्या तासापासून, भूक नसताना. केळ्यात 25 च्या आसपास असतात, वाटीभर भातात 40 च्या वर. पळताना रक्त पायांकडं वळतं आणि पोट संपावर जातं. त्याला सवय लावावी लागते, आणि ती लाँग रनमध्येच लागते.

महागडी जेल वाईट नाहीत, पण चौथ्या-पाचव्या तासानंतर गोड नको होतं. आपल्याकडचं खाणं इथं उपयोगी पडतं. मिठातले उकडलेले बटाटे, दहीभात, गूळ-शेंगदाणे (शेंगदाणे थोडे, चरबी पोटात रेंगाळते), कलिंगडावर मीठ, नाचणीची आंबील. आंबील मला सगळ्यात भरवशाची वाटते. पातळ असते, खारट करता येते, गार चालते. कुंदा मात्र शर्यत संपल्यावर! मध्यावर खव्याचं काही खाल्लेला माणूस पुढं कुठल्या झाडाआड बसलेला सापडेल सांगता येत नाही.

वेगाचं गणित करू. 14 तासांत 100 म्हणजे सरासरी किलोमीटरला 8 मिनिटं 24 सेकंद, थांबणं-खाणं धरून. तुमची फुल 6:38 नं झाली. शंभराला 7:30 नं पळा, आणि 25 मिनिटं पळून झाली की 5 मिनिटं झपझप चाला, किलोमीटरला 10 मिनिटांच्या चालीनं. असं केलं तर सरासरी 7:50 पडते, 100 ला 13 तास आणि वर काही मिनिटं लागतात, आणि जवळजवळ तासभर थांबायला उरतो. चालणं पहिल्या अर्ध्या तासापासून सुरू करायचं. लाज वाटते, मागचे पुढं जातात, जाऊ द्यात. दमल्यावर चालणारा माणूस सहसा पुन्हा पळत नाही, दमायच्या आधी चालणारा शेवटपर्यंत पळतो.

यासाठी वडिलांना विचारा. चेष्टा करत नाही. आळंदी ते पंढरपूर अडीचशे किलोमीटरच्या घरात, आणि आपल्या सीमाभागातून जाणाऱ्या दिंड्याही कित्येक दिवस चालतात. पहिल्या दिवशी जो जोशात पुढं पळतो तो तिसऱ्या दिवशी ट्रकमध्ये असतो, हे त्यांनी डोळ्यांनी बघितलेलं असणार. पायाला फोड येण्याआधी जागा कशी गरम होते, ओल्या पायानं किती चालायचं, कधी बसायचं आणि बसलं की उठणं का जड जातं, यातलं बरंच त्यांना कुठल्याही कोचपेक्षा जास्त कळतं. आणि खूळ म्हणालात, तर ते या मातीत जुनंच आहे. बेळगावचे फडेप्पा दरेप्पा चौगुले 1920 च्या अँटवर्प ऑलिंपिकमध्ये मॅरेथॉन पळाले आणि 19 वे आले, वेळ 2 तास 50 मिनिटं. त्या वर्षीचा मार्ग तर आजच्यापेक्षा लांब, 42.75 किलोमीटर होता. नवरात्रात पहाटे दुर्गामाता दौडीत अनवाणी पळणाऱ्या पोरांतलीच बरीच नंतर आमच्याकडं हाफ मॅरेथॉनचं विचारायला येतात.

सहा-सात महिने हातात ठेवा. आठवड्याला 45-50 किलोमीटर आत्ता होत असतील असं धरतो, ते हळूहळू 75-80 वर न्या, दर चौथ्या आठवड्याला चांगले कमी करा. लाँग रन दोन दिवसांत वाटा. एक दिवस 30, दुसऱ्या दिवशी दमलेल्या पायांवर 20. एका दमात पन्नासच्या पुढं सरावात जायची गरज नाही, त्यातून शिकायला थोडंच मिळतं आणि सावरायला फार दिवस जातात. नाइट शिफ्टच्या आठवड्यात किलोमीटर निम्मे करा, झोप निम्मी करू नका.

उताराचा सराव लोक विसरतात. चढ दमवतो, पण मांड्या फोडतो तो उतार, कारण उतरताना स्नायू ताणला जात असतानाच जोर लावतो. चांगली गोष्ट ही, की एकदा बेताचा उतार पळून मांड्या दुखल्या की पुढचे काही आठवडे त्याच उताराला त्या तेवढ्या दुखत नाहीत. येळ्ळूरच्या राजहंसगडावर महिन्यातून दोनदा जा, चढताना चाला, उतरताना लहान पावलं टाकत पळा. रोजच्या पळण्याला टिळकवाडीचं व्हॅक्सिन डेपो, झाडाखालची मातीची वाट, पायांना बरी. लाँग रनला पिरनवाडीहून किणये, कुसमळी, जांबोटी हा रस्ता. किंवा हिंडलग्याहून उचगाव फाटा, बाचीवरून शिनोळी, म्हणजे नाष्टा महाराष्ट्रात आणि जेवण कर्नाटकात. एक नोव्हेंबरला मात्र लाँग रन ठेवू नका. कर्नाटक राज्योत्सवाची मिरवणूक एकीकडं, सीमाप्रश्नाच्या काळ्या दिवसाची फेरी दुसरीकडं, तुमच्या सपोर्टची गाडी कुठंतरी बॅरिकेडमागं अडकणार.

गळीत हंगामात अंधारात निपाणी, चिकोडी, संकेश्वरकडच्या रस्त्यांवर पळायचं टाळाच. उसाच्या ट्रॅक्टरला मागं दोन-दोन ट्रॉल्या, मागचा दिवा नाही, रिफ्लेक्टर नाही, आणि ट्रॉलीच्या बाहेर हातभर ऊस लोंबतोय. समोरून येणाऱ्याला ट्रॅक्टरचा दिवा दिसतो, उसाची रुंदी दिसत नाही. पळायचंच असेल तर रिफ्लेक्टरचं जाकीट, डोक्याला टॉर्च, हातात दुसरी, आणि समोरून येणारी गाडी दिसेल अशी उजवी बाजू. कानात गाणी नकोत. कुत्री अंगावर आली तर पळणं थांबवून चालायला लागा, बहुतेक मागं फिरतात. कणकुंबी-चोर्ला बाजूला आणि भीमगडच्या जंगलालगत पहाटे एकट्यानं जाऊ नका. अस्वल आणि गवा दोघंही तुमच्या ट्रेनिंग प्लॅनला ओळखत नाहीत.

पावसाचं वेगळं सांगायला हवं, कारण आपल्याला उन्हाची भीती असते, थंडीची नसते. 22 मे 2021 ला चीनच्या गान्सू प्रांतात 100 किलोमीटरच्या डोंगरी शर्यतीत अचानक गारा, पाऊस आणि वारा आला, आणि 21 रनर थंडीनं गेले. त्यांत नावाजलेले, जिंकणारे लोक होते. बारीक शरीर, ओले कपडे, वारा आणि दमून मंदावलेला वेग, एवढं जमलं की अंग गार पडायला बर्फाळ प्रदेश लागत नाही. जुलैत जांबोटीच्या पुढं पाचव्या-सहाव्या तासाला कुडकुडत उभे राहिलेले रनर मी बघितलेत. पातळ रेनकोट आणि प्लास्टिकच्या पिशवीत कोरडा टीशर्ट, वजन किती होतं त्याचं? पावसात पाय सतत ओले राहतात, त्यात आपली तांबडी माती मोज्यात शिरली की पॉलिश पेपरचं काम करते. व्हॅसलीन आधी लावा, मोजे बदलायला ठेवा. बूट नेहमीपेक्षा अर्धा-एक नंबर मोठे घ्या, पाय सुजतात.

गुडघ्यांबद्दल वहिनींना सांगा, की हौशी पळणाऱ्यांत गुडघा-खुब्याची झीज न पळणाऱ्यांपेक्षा कमी आढळते. 2017 मध्ये अनेक अभ्यास एकत्र करून काढलेले आकडे 3.5 आणि 10.2 टक्के असे आहेत. मात्र त्याच अभ्यासात व्यावसायिक, स्पर्धेतल्या रनरांचा आकडा 13.3 निघाला, हेही त्यांना सांगा. वर्षाला एक अल्ट्रा आणि नीट विश्रांती ही एक गोष्ट, दर महिन्याला मेडल ही दुसरी.

मग फॉर्म भरायचा का? लगेच नको. आधी एखादी 12 तासांची, छोट्या फेऱ्यांची शर्यत करा. दर काही मिनिटांनी आपली खुर्ची, आपलं खाणं, आपली माणसं समोर येतात, म्हणून शिकायला ती बरी. त्यात 65-70 किलोमीटर झाले, खाल्लेलं पोटात राहिलं, वजन दोन-तीन टक्क्यांपेक्षा जास्त उतरलं नाही आणि चढलंही नाही, दुसऱ्या दिवशी लघवीचा रंग नेहमीचा राहिला, तर पुढच्या मोसमात शंभराचा फॉर्म भरा. पाय दुखले, रडू आलं, मधेच घरी जावंसं वाटलं, ते मोजायचं नाही. शर्यत डोंगरातली असेल तर तासांचा हिशेब नव्यानं करा, वर दिलेलं गणित सपाट रस्त्याचं आहे.

आणि शर्यत रविवारी असेल तर सोमवार-मंगळवारची रजा आधीच मंजूर करून घ्या. जिना उलटा, पाठमोरा उतरावा लागतो अशा मांड्या असतात त्या दोन दिवसांत. असल्या पायांवर ओतायच्या लोखंडाजवळ उभं राहायचं नाही. सुपरवायझर कुरकुरला तर शिफ्ट बदलून द्या, ओव्हरटाइम कबूल करा, पण ते दोन दिवस भट्टीच्या बाजूला जाऊ नका.